काकूचा मुतखडा

आमच्या घराण्यात आजतागायत कुणालाही मुतखडा झालेला नाही. साखर आहे, गुडघे आहेत, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाजूनं टक्कल आहे. पण मुतखडा नाही. असं असूनही परंड्याच्या आमच्या पिठाच्या गिरणीत, स्टार्टरच्या पेटीवर, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घातलेला एक खडा कित्येक वर्षं ठेवलेला होता, आणि दळण घेऊन आलेली बाई तो एकदा तरी हलवून बघायची. तो खडा माझी निर्मिती आहे. पुढं आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी रचल्या, घरातल्या लग्नाकार्यात मला मुद्दाम गोष्टी सांगायला बसवतात, पण त्या पहिल्या गोष्टीइतकी दुसरी कुठलीच चालली नाही आणि तिच्याइतकं नुकसानही दुसरीनं केलं नाही.

गिरणी घराला लागूनच होती, म्हणजे मधे एक दार आणि त्या दाराला कायम पिठाचा थर. लाईट आली की तात्या, माझे चुलते, खटका दाबायचे, पट्टा फटफट करत फिरायला लागायचा आणि मग घरातली भांडीसुद्धा फळीवर थरथरायची. आम्ही सगळे मोठ्यानं बोलणारी माणसं, ते त्यामुळंच. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, पोरगी चांगली आहे, फक्त भांडल्यासारखं बोलती. गिरणीचा आवाज लागला की घराला बरं वाटायचं. तो थांबला की आईला भाकरी थापताना सुद्धा काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. भाकरी जोंधळ्याची, जोडीला शेंगाची चटणी, आणि सगळ्यावर पिठाचा एक बारीक वास. मला अजूनही दुसऱ्या कुणाच्या घरचं जेवण जरा अळणी लागतं, ते मिठामुळं नाही.

गिरणी नावाला तात्यांची, चालवायची काकू. जोंधळ्यानं गच्च भरलेला डबा ती कमरेवर घ्यायची, तिथून खांद्यावर, आणि एका हिसक्यात गिरणीच्या तोंडात रिकामा करायची. रांगेत बसलेल्या बायकांशी तिचं बोलणं सुरूच असायचं. आणि आमच्या गिरणीची एक रीत होती. बायकांना एकमेकींशी काही आतलं बोलायचं असलं, की त्या पट्टा सुरू व्हायची वाट बघत बसायच्या. एकदा का धडधड लागली की एक बाई दुसरीच्या कानाला तोंड लावायची आणि मनातलं ओरडून सांगायची. ऐकू फक्त त्या एकीला जायचं. सासूचा जाच, नवऱ्याची दारू, पोरीचं कुठं जमतंय न जमतंय, सगळं त्या आवाजाच्या पोटात जायचं. लाईट गेली की गुपितंही बंद.

मी आठवीत असेन. काकूला तीन लेकरं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. एका सकाळी तात्या आणि काकू पहिल्या एस.टी.नं बार्शीला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. काकूचा चेहरा चाळणीतून काढल्यासारखा पांढरा. आईनं तिला मधल्या खोलीत झोपवलं, धाकट्याला माझ्या कडेवर दिलं आणि मला सांगितलं, "गिरणीत जाऊन बस. कुणी इचारलं तर सांग, काकूच्या पोटात दुखत हुतं. बास. त्येच्यापुढं एक अक्षर न्हाय."

आता गिरणीत बायका सात-आठ, लाईट नाही, म्हणजे बोलण्यावाचून दुसरा धंदा नाही. पुढं भामाबाई. या आमच्या शेजारीण. मालक शाळेत मास्तर, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्यांच्या गोळ्यांची पाकिटं वाचून दाखवायचा मान त्यांच्या घराकडं. भामाबाई म्हणाल्या, "मंगे, काकू कुठाय तुजी?"

"पोटात दुखतंय."

"कवापसनं?"

"परवापसनं."

"मग बार्शीला कशाला न्हेलं? पोटात तर समद्यांच्याच दुखतंय."

प्रश्न रास्त होता. 'पोटात दुखतंय' ही गोष्ट किती पातळ आहे हे मला तिथंच कळलं. आठ बायका माझ्याकडं बघतायत, कडेवर धाकटं माझी वेणी ओढतंय, आणि माझ्याजवळ सांगायला एवढंच. त्याच आठवड्यात मागच्या आळीतल्या एका गृहस्थांचा मुतखडा निघाला होता, आणि ते चहाच्या आधी बाटली काढून पाहुण्यांना खडे दाखवत होते. मी म्हणाले, "मुतखडा झालाय." एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण बायकांचे डोळे मोठे झाले ते मी पाहिलं आणि पुढं म्हणाले, "वाटाण्याएवढा. डॉक्टर म्हणले, असा आमी बघितलाच न्हवता."

घरी आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, थोबाडीत बसेल. आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं सुचलं." खरं काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी लपवायचंय एवढं मला ठाऊक होतं, आणि ते लपवायला मी एक उत्तम झाकण शोधलंय याचा मला फार अभिमान वाटला. तो अभिमान आठवला की आजही माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवसापासून हुलग्याचं माडगं यायला लागलं. हुलगे मुतखड्यावर उतारा, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, लसूण ठेचून, उकळून, पातेल्यावर ताटली झाकून एकेक बाई घरात शिरायची. कुणी गूळ घालून आणायची, कुणी मिरचीचा ठेचा. भामाबाई सकाळ-संध्याकाळ. भेटायला आलेल्या माणसासमोर झोपून राहणं बरं दिसत नाही, म्हणून काकू उठून भिंतीला टेकून बसायची. बायका समोर बसून "पी, पी, निघून जातंय" म्हणायच्या आणि काकू प्यायची. बार्शीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आईनं तांदळाच्या डब्यात तळाशी दडवल्या होत्या, कारण मास्तरांची बायको रोज दोनदा घरात, आणि पाकीट दिसलं की ते वाचायला जाणार. बाया निघून गेल्या की गोळी द्यायची असं ठरलं होतं. पण बाया निघून जात नव्हत्या.

चौथ्या दिवशी भामाबाईंनी विचारलं, "खडा निघाला का न्हाय अजून?"

आई चुलीजवळ होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "निघाला की. काल."

"मग दाव की!"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडं निघालेला मुतखडा दाखवल्याशिवाय तो निघाला असं कुणी मानत नाही. मी "आणते" म्हणून गिरणीत पळाले. बायका दळणाआधी धान्य निवडतात, त्यातले खडे कोपऱ्यात साठलेले असायचे. त्यातला एक बऱ्यापैकी काळपट, टोकदार खडा मी उचलला, फ्रॉकला पुसला, खेळण्यातल्या इंजेक्शनच्या बाटलीत टाकला आणि रबरी झाकण लावून घेऊन आले. भामाबाईंनी तो उजेडाला धरला, हलवला. खळखळ वाजला. बाटली हातोहात फिरली. एक बाई म्हणाली, "अगं बया, टोक बघ कसं हाय." दुसरीनं तर नमस्कार केला. कशाला केला, ते तिचं तिला माहीत.

आणि मग भामाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "निघाला न्हवं? सुटलीस बघ. आता कशापायी पडून ऱ्हातीस? ऊठ, हिंडफिर, आंग मोकळं हुतंय."

मुतखडा एकदा निघाला की माणूस बरा. ते खरंच आहे. काकूला झोपून राहायला जे कारण होतं ते मी बाटलीत घालून सगळ्यांना दाखवलं आणि संपवलं. पाचव्या दिवशी काकू गिरणीत गेली. आई "नगं जाऊस" म्हणाली, पण हळू म्हणाली. मोठ्यानं म्हणायला काही कारण उरलं नव्हतं. काकूनं डबा कमरेवर घेतला, तिथून खांद्यावर. मी बाजूला उभी राहून बायकांना बाटली दाखवत होते. काकू माझ्याकडं बघून एकदा हसली सुद्धा.

चार-पाच दिवस असे गेले. एका दुपारी, पट्टा चालू असताना, तिच्या हातातला डबा सुटला. जोंधळा सगळीकडं पसरला आणि काकू त्या जोंधळ्यावर बसली, तशीच आडवी झाली. अंग चटका बसेल असं तापलेलं. लुगड्याला मागून डाग. तात्या नवा पट्टा विकत आणायला कुर्डुवाडीला गेलेले, अण्णा रानात. बायकांनीच तिला उचललं, बाजारातल्या डॉक्टरांकडं नेलं. पुढं आई, मागं मी, आणि सगळ्यात पुढं भामाबाई, कारण बाटली त्यांच्या हातात होती.

डॉक्टरांची खोली म्हणजे एक टेबल, एक पलंग आणि मधे पडदा, तोही अर्धाच सरकणारा. पडद्याच्या अलीकडं आमच्या गिरणीतली अख्खी रांग उभी. भामाबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "बघा डागदरसाब. मुतखडा. बार्शीला गेल्ती, त्येच्यानं निघाला. निघून आठवडा झाला तरी ह्ये आसं."

डॉक्टर वयस्क माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी बाटली घेतली, चष्मा खाली ओढला, झाकण काढलं आणि खडा तळहातावर घेतला. मग तो टेबलावर ठेवून म्हणाले, "हा जोंधळ्यातला खडा आहे."

ते आईकडं वळले. "बार्शीला काय केलं? कागद कुठाय?"

आई म्हणाली, "मुतखडाच हुता, डॉक्टर."

"अहो बाई, ताप किती चढलाय बघा. मी मुतखड्याचं औषध दिलं आणि हे दुसरंच काही असलं, तर ही बाई माझ्या हातातून जाईल. नेमकं सांगा."

आईनं पदर तोंडात धरला. मी भिंतीला चिकटून उभी. तोंडाला कधी कुलूप नसलेली मी. खरं काय ते मला माहीत नव्हतं, पण माझं खोटं काय आहे ते तरी माहीत होतं, आणि तेवढंही मला सांगता आलं नाही. हे मी कुठल्याही लग्नात सांगत नाही.

पलंगावरून काकू बोलली. आईला ती अक्का म्हणायची. आवाज बारीक होता, पण गिरणी नव्हती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेला. "अक्का, ऱ्हाऊ द्या. डॉक्टर, म्या पोट पाडून घेतलंय. बार्शीला, दवाखान्यात, सही करून. आज अकरावा दिस. त्येनी गोळ्या दिल्त्या, आठ दिस पडून ऱ्हा म्हणले हुते. म्या पडून ऱ्हायले न्हाय. गोळ्याबी सगळ्या घेतल्या न्हाईत."

डॉक्टरांनी मान डोलावली, जणू तिनं सर्दी झालीय असं सांगितलं. "मग हे आधी सांगायचं. ह्याला गर्भपात म्हणतात, कायद्यात बसतो. डॉक्टरपासून लपवायचं काय त्यात?" आणि सुई भरायला लागले. एक इंजेक्शन, सलाईन, आणि लगेच जीप करून बार्शीला. चार दिवस ती तिथं होती. माणूस वाचलं हे मी आता एका ओळीत लिहिते, पण त्या चार दिवसांत आमच्या घरात कुणी गिरणी लावली नाही, आणि भांडी फळीवर गप्प बसलेली मला पहिल्यांदाच दिसली. आईनं तांदळाचा डबा उपडा केला. तळाशी अर्धं पाकीट निघालं. मला ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काकू परत आली तेव्हा गल्ली दोन दिवस आमच्या दारावरनं मान खाली घालून गेली. भामाबाई तर फिरकल्याच नाहीत. आईला वाटलं, झालं, नाव गेलं. सोनारीच्या भैरवनाथाची जत्रा जवळ आली होती. निवदाचं दळण आमच्याकडंच यायचं, त्या वर्षी बऱ्याच बायका ते पलीकडच्या गिरणीत घेऊन गेल्या. 'देवाचं पीठ तिच्या हातचं नगं,' असं कुणीतरी म्हणाल्याचं आमच्यापर्यंत आलं. तात्या चिडले. काकू मात्र पंधरा दिवस रीतसर झोपली, आईनं करून दिलेला डिंकाचा लाडू खाल्ला आणि मग गिरणीत येऊन बसली. पहिल्याच दिवशी एका बाईनं तोंडाला पदर लावून विचारलं, "काय झालं हुतं म्हणं तुला?"

काकू म्हणाली, "गर्भपात केला." डॉक्टरांचा शब्द तिनं जसाच्या तसा उचलला होता. तिसरी शिकलेली बाई. त्या शब्दातलं 'र्भ' तिच्या तोंडात जरा अडखळायचं.

"पोरगी हुती व्हय?"

"काय हुतं त्ये म्या इचारलंच न्हाय. मला चवथं नगं हुतं. धाकट्यालाच दूध पुरत न्हवतं, आन् माजं आंग ऱ्हायलं न्हवतं."

मग त्या बाईचा डबा पुढं ओढून काकूनं विचारलं, "जाड दळू का बारीक?"

जो विचारेल त्याला ती हेच सांगायची, त्याच आवाजात. लपवलेलं काही उरलंच नाही, त्यामुळं उकरून काढायलाही काही उरलं नाही. महिनाभरात गल्लीला दुसरा विषय मिळाला. भामाबाई जत्रेच्या आदल्या दिवशी आल्या, डोक्यावर निवदाच्या दळणाचा डबा, चेहरा फुगलेला.

"तकडच्या गिरणीत लई जाड येतंय," त्या म्हणाल्या. मग डबा खाली ठेवून काकूवर उखडल्या, "आन् तू गं? सकाळ-संध्याकाळ म्या माडगं करून आणत हुते. हुलगं किती उष्ण! असल्या वक्ताला पाजायचं असतंय का? शिरा केला आसता, खारीक-खोबरं दिलं आसतं. शेजारणीला एवढं बी सांगू नये?"

"चुकलं," काकू म्हणाली.

"चुकलंच. दळ आता."

लाईट होती. पट्टा सुरू झाला, आणि भामाबाई उठून काकूच्या कानाला लागल्या. बराच वेळ काहीतरी ओरडून सांगत होत्या. मला फक्त हलणारे ओठ दिसत होते आणि दोन बोटं. दोन. काकूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला; निघताना भामाबाईंच्या पाठीवर पिठाचा पंजा उमटलेला होता आणि तो त्यांना माहीत नव्हता.

त्यानंतर बायका येत राहिल्या. आमच्या तालुक्यात तेव्हा असल्या कामासाठी कुणाकडं जावं हे विचारायला जागा नव्हती. कुणी काडी घालायची, कुणी कसला पाला खायची, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. आता त्या काकूकडं यायच्या. काकू बार्शीच्या दवाखान्याचा पत्ता सांगायची, कुठले कागद लागतात ते सांगायची, आठ दिवस डबा उचलू नको म्हणायची. अट एकच. बाटलीकडं बोट दाखवून कुणी "मलाबी मुतखड्याचंच..." म्हणाली, की काकू हात झटकायची. "मुतखडा ह्या मंगीनं केलेला हाय. तुला काय पायजे त्ये त्येच्या नावानं सांग. न्हायतर तिथं जाऊन बी मुतखडाच सांगशील, आन् मरशील." डॉक्टरांच्या टेबलावरनं परत आणलेली बाटली तिनं त्यासाठीच ठेवली होती. मला वाटायचं, माझ्यावरच्या रागानं ठेवलीय. तसंही थोडं असेल.

आता उरलं ते सांगते. लग्न होऊन मला दोन मुलं झाली, आणि पस्तिशीला लागताना मला तिसऱ्यांदा दिवस गेले. नको होते. नवऱ्यालाही नको होते. पण त्यानं "तू बघ" म्हणून विषय माझ्याकडं ढकलला. मी बी.ए. झालेली, शिक्षिका, वर्गात पोरींना शरीराची रचना शिकवणारी. मी सरळ परंड्याची एस.टी. धरली. गिरणीत गेले तेव्हा काकू केस पिकलेली, चष्मा लागलेली, डबा मात्र स्वतःच उचलत होती. रांगेत पाच-सहा बायका, आणि भिंतीला टेकून म्हाताऱ्या भामाबाई. गिरणी जोरात चालू. मी जाऊन काकूच्या कानाला लागले आणि म्हणाले, "काकू, मला जरा मुतखड्याचा..."

काकूनं मान मागं घेतली. बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ओठांवरून मला कळलं: "नाव सांग."

मी पुन्हा कानाशी गेले. आवाज चढवला. आमच्या घरात आवाज चढवायला शिकवावं लागत नाही. डोळे मिटले आणि सगळा जोर लावून ओरडले, "मला गर्भपात करायचाय!"

आणि नेमकी लाईट गेली.

ते दिवस लोडशेडिंगचे होते, वेळापत्रक असायचं, पण ते कुणी पाळत नसे. पट्टा फटफट करत मंद झाला, थांबला. माझं वाक्य पत्र्याखाली फिरून परत माझ्याकडंच आलं. पाच-सहा डबे, पाच-सहा तोंडं, सगळी माझ्याकडं. मी परत आठवीतली झाले. भिंत शोधत होते.

भामाबाईंनी डोळे बारीक केले. "मंगी का गं ही?"

"व्हय, मंगीच," काकू म्हणाली.

"कितवा म्हयना?"

"दुसरा," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो साधा होता.

"मग बिगीनं जा. उगं उशीर करू नगं," भामाबाई म्हणाल्या. शेजारची एक बाई, जिला मी ओळखत नव्हते, तिनं तिच्या डब्यावर मला बसायला जागा करून दिली. काकू फडक्यानं हात पुसत म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. म्या येते."

हे सगळं लिहू का, असं मी परवा काकूला विचारलं. सत्तरी उलटलीय तिची. म्हणाली, "लिही की. आन् तुजं बी लिही, न्हायतर माजं एकटीचं लिहून मोकळी हुशील." म्हणून लिहिलं.

बार्शीहून आल्यावर मी आठ दिवस काकूकडं राहिले. मधल्या खोलीत, तिच्याच जागी, आडवी. भेटायला बायका आल्या तेव्हा मी उठून बसायला गेले, तर भामाबाईंनी खांदा धरून मला परत झोपवलं. गोळ्या उशाशी उघड्यावर पडलेल्या असायच्या. भिंतीपलीकडं गिरणी चालू होती, फळीवरची भांडी थरथरत होती. एकीनं शिरा आणला, एकीनं खारीक-खोबरं, एकीनं शेपूची भाजी. काय झालंय, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या आठ दिवसांत, एकीनंही हुलग्याचं माडगं आणलं नाही.